चालणारा रॉबी घरी बनवताना: आधी पाय, मग बाकी सगळं

१९५६ साली एमजीएमचा 'फॉरबिडन प्लॅनेट' आला आणि त्यातला रॉबी नावाचा यंत्रमानव जगभर पोरांच्या खेळण्यांत जाऊन बसला. डोक्यावर पारदर्शक घुमट, पिंपासारखं पोट, गोळ्यावर गोळा रचल्यासारखे जाड पाय. मूळ रॉबी सुमारे सात फूट उंच. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा लिलाव झाला तेव्हा ५३ लाख ७५ हजार डॉलर मोजले गेले. आपल्याला तो परवडणार नाही, पण फूटभर उंचीचा, टेबलावर स्वतःच्या पायांनी चालणारा रॉबी कोल्हापुरात बसून नक्की करता येतो. मी केला. पहिला टिकला नाही, दुसरा चालला. मधे जे काही चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. पडद्यावरचा रॉबी चालायचा, कारण आत माणूस होता. आपल्या रॉबीच्या पोटात माणूस मावत नाही, त्यामुळे चाल आपल्यालाच घडवावी लागते. बहुतेक जण आधी सुंदर डोकं आणि पोट करतात, रंग देतात, आणि मग पाय कसे हलवायचे याचा विचार करतात. मीही तेच केलं होतं. तयार पोटात मोटर बसेना, बसली तर पाय अडकायचे. म्हणून क्रम उलटा ठेवा. उघडा सांगाडा टेबलावर सरळ रेषेत चालेपर्यंत पोटाला हात लावू नका.

१. कोणता रॉबी करायचा ते ठरवा

रॉबी दोन आहेत. एक सिनेमातला. दुसरा जपानी पत्र्याचा, नोमुरा कंपनीने पन्नासच्या दशकाच्या शेवटी काढलेला, बॅटरीवर चालणारा. दोघांची मापं सारखी नाहीत. खेळण्यातल्या रॉबीचे पाय जाड आहेत, कारण सेल पायांत बसवलेत. इंटरनेटवरचे फोटो गोळा करताना दोन्ही एकत्र झाले की डोकं एकाचं आणि पाय दुसऱ्याचे असा प्रकार होतो. मी चेहरा सिनेमातला घेतला आणि पायांची युक्ती खेळण्यातली. हे जाणूनबुजून केलं तर चालतं, नकळत झालं तर विचित्र दिसतं.

माप १:७ धरा. सात फुटांचा बरोबर एक फूट होतो, त्यामुळे हिशेब सोपा राहतो. समोरून आणि बाजूने लांबून काढलेला एकेक फोटो निवडा, एक फूट उंचीचा छापून घ्या आणि भिंतीवर लावा. पुढचं प्रत्येक माप त्या कागदावरून पट्टीने घ्यायचं. जवळून काढलेला फोटो नको, त्यात डोकं मोठं आणि पाय बारीक येतात.

आणि हा रॉबी स्वतःसाठी करा. त्याच्या रूपाचे हक्क सिनेमा कंपनीकडे आहेत, विकायला दहा नग काढायचा विचार करू नका.

२. सामान

चालीसाठी:
– ६० आरपीएमची (मिनिटाला ६० फेरे) बीओ मोटर, म्हणजे सेलवर चालणारी छोटी गिअरची मोटर, दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली, आणि तिच्याबरोबर मिळणारी दोन प्लास्टिकची चाकं
– एका दिशेनेच फिरणारी दोन बेअरिंगं, नंबर एचएफ ०६१२
– ६ मिमीच्या कडक डॉवेल पिना (पोलादाच्या गुळगुळीत गोल खुंट्या), ४ मिमीचा स्टीलचा रॉड
– ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, बारीक पितळी नळी, ३ मिमीचे स्क्रू-नट
– दोन-दोन सेलचे दोन होल्डर, चार्ज होणारे चार पेन्सिल सेल, एक स्विच, बारीक तारांची मऊ वायर

अंगासाठी: जुनी वर्तमानपत्रं, फेविकॉल, प्लास्टर ऑफ पॅरिस, पुट्टी, पॉलिश पेपर, जाड पेट प्लास्टिकच्या एक लिटरच्या चार बाटल्या, निळे एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर.

हत्यारं: व्हर्नियर, कानस, हॅकसॉ, छोटं ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार). हीट गन विकत घेऊ नका, एक दिवसासाठी कुणाची तरी मागून आणा.

लेथचं थोडं काम आहे, त्यासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर, वर्कशॉपांची वस्ती, आहेच. एक-दोन नगांचं काम घेऊन गेलात तर मोठ्या शॉपमध्ये नाही म्हणतात आणि त्यांचंही बरोबर आहे. गल्लीतलं एका लेथचं शॉप गाठा, कागदावर मापं टाकून न्या आणि संध्याकाळी काम उरकत आल्यावर जा.

३. चाल समजून घ्या

कोल्हापुरात राजारामपुरीत गणपतीला तांत्रिक देखावे बघितले असतील. राक्षसाचा हात वर-खाली होतो, त्यामागे वायपरची मोटर असते आणि तिच्यावर एक चकती. चकतीच्या मध्यापासून थोडा बाजूला एक खिळा. चकती गोल फिरते, खिळ्याला अडकवलेली पट्टी मागे-पुढे होते. आपला रॉबी याच तत्त्वावर चालतो.

मोटरच्या दोन्ही शाफ्टवर एकेक चकती. एका चकतीचा खिळा पुढे असेल तेव्हा दुसरीचा मागे. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला एक पट्टी आणि तिच्यात उभी खाच. खिळा त्या खाचेत वर-खाली घसरतो आणि पट्टीला, म्हणजेच पायाला, फक्त पुढे-मागे ढकलतो. पाय उचलला जात नाही. दोन्ही तळवे कायम जमिनीवर, त्यामुळे रॉबी पडत नाही.

पण दोन पाय नुसते पुढे-मागे झाले तर रॉबी जागच्या जागी घसटत राहील. पुढे जायला टाचेत असं चाक लागतं, जे पुढे गडगडतं आणि मागे फिरायला नकार देतं. डावा पाय पुढे सरकतो तेव्हा उजवा मागे जाऊ बघतो, चाक अडतं, पाय जमिनीला घट्ट राहतो आणि त्याच्या आधाराने सगळं धड पुढे येतं. मग उलट. सगळी चाल या एका चाकात आहे.

४. टाचेतलं चाक

इथे वेळ काढा. माझा पहिला रॉबी इथेच फसला.

एचएफ ०६१२ हे बेअरिंग आतून ६ मिमी, बाहेरून १० मिमी आणि १२ मिमी लांब असतं. आत बारीक सुयांसारखे रोलर असतात. एका दिशेला ते मोकळे फिरतात, दुसऱ्या दिशेला शाफ्टला पाचरीसारखे आवळतात. लेथवर ॲल्युमिनियमचं चाक करून घ्या: बाहेरून १६ मिमी, आत बेअरिंग दाबून बसेल असं छिद्र. बेअरिंग हातोडीने ठोकू नका, व्हाइसमध्ये धरून सरळ दाबा. चाकाच्या परिघावर उथळ खाच काढून त्यात ओ रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बसवली की पकड येते.

मी शाफ्ट म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला साधा ६ मिमीचा रॉड कापून घातला. दोन दिवस ठीक चालला, मग रॉबी डावीकडे गोल फिरायला लागला. चौथ्या दिवशी जागचा हलेना. मोटर बदलली, सेल बदलले, काही फरक नाही. शेवटी सगळं पिशवीत घालून उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी चाक काढलं, रॉड बोटांत फिरवून उजेडात धरला. त्यावर केसाएवढे बारीक चरे पडले होते. मग त्यांनी कानस उचलली आणि रॉडवर एकदा ओढली. पांढरी रेघ उमटली, किस निघाला. ड्रॉवरमधून एक डॉवेल पिन काढून तिच्यावर तीच कानस ओढली. काचेवरून सरकावी तशी ती नुसती घसरली, रेघही नाही.

"रॉड मऊ हाय, पावणं," मामा म्हणाले. "बेरिंगनं धरायचं तरी कशाला? ते त्यालाच खातंय."

तेव्हा शाफ्ट कडक डॉवेल पिनचाच हवा, आणि घेताना कानस ओढून बघा. पिन तळव्यात घट्ट बसवायची, ती फिरता कामा नये. फिरायचं ते चाकाने.

दुसरी चूक दिशेची. बेअरिंगच्या कडेवर बाण असतो, पण चाक एकदा तळव्यात बसलं की तो दिसत नाही. म्हणून चाक बसवण्याआधी पिनेवर चढवून हाताने फिरवा आणि मोकळ्या दिशेची खूण मार्करने करा. दोन्ही पायांत खूण एकाच बाजूला आली पाहिजे. एक उलटं बसलं तर रॉबी भोवऱ्यासारखा फिरतो, दोन्ही उलटी बसली तर मागे चालतो.

एचएफचं चाक टाचेजवळ ठेवा आणि बोटांकडे साधं, मोकळं फिरणारं नायलॉनचं रुंद चाक. तळवा सुमारे ७० मिमी लांब धरा. दोन तळव्यांमध्ये ४-५ मिमीचंच अंतर ठेवा. पाय जितके फाकलेले, तितका रॉबी प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे मान वळवतो.

तपासणी सोपी आहे. तळवा काचेच्या टेबलावर ठेवा, वरून बोटाने हलका दाब द्या. पुढे ढकलला की आवाज न करता जायला हवा, मागे ओढला की फरफटायला हवा. दोन्ही पाय असे वागेपर्यंत पुढची पायरी नको.

५. सांगाडा

३ मिमी ॲल्युमिनियमची दोन आडवी तुकडं, एक पुढे, एक मागे, मधे ७० मिमी अंतर. त्यांच्यामध्ये प्रत्येक पायासाठी ४ मिमीचे दोन रॉड, एक वर आणि एक साधारण २५ मिमी खाली. पायाची पट्टी याच रॉडांवर मागे-पुढे सरकणार. पट्टीची लांबी ४० मिमी ठेवली की १६ मिमीच्या पावलाला पुरेशी जागा राहते.

रॉडांची छिद्रं मापून वेगवेगळी पाडू नका. पुढचं आणि मागचं तुकडं एकमेकांवर ठेवून, स्क्रूने आवळून, एकदाच आरपार ड्रिल करा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी पट्टी मधेच आवळते आणि बीओ मोटरची ताकद तेवढी नाही. पट्टीच्या छिद्रांत पितळी नळीचे छोटे तुकडे घाला, थेंबभर शिलाई मशीनचं तेल द्या. रॉड उभे येतील असा सांगाडा धरला तर पट्टी स्वतःच्या वजनाने खाली घसरली पाहिजे.

पट्टीतली उभी खाच ३ मिमीच्या खिळ्यासाठी सव्वातीन मिमी रुंद आणि किमान २० मिमी लांब हवी. खाचेच्या कडा कानसीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

६. मोटर, चकत्या, सेल

शाफ्टला चकती अॅक्रिलिकची कापून लावली तर तिचं छिद्र आठवड्यात झिजतं आणि ती सैल पडते. त्यापेक्षा मोटरबरोबर आलेल्या चाकांचा मधला भाग कापून घ्या. त्याचं छिद्र शाफ्टच्या दोन सपाट बाजूंना नेमकं बसतं. त्यावर केंद्रापासून ८ मिमीवर ३ मिमीचा स्क्रू लावा, तोच आपला खिळा. डावीकडचा खिळा वर असताना उजवीकडचा खाली येईल असं बसवा आणि शाफ्टच्या टोकाला स्क्रू मारून चकत्या पक्क्या करा.

८ मिमीच्या खिळ्यावर एका फेऱ्यात रॉबी कागदावर ३२ मिमी पुढे जातो. ६० फेऱ्यांना १९२ सेंटिमीटर. प्रत्यक्षात घसरण धरून मिनिटाला दीड-पावणेदोन मीटर मिळतात आणि ही चाल रॉबीला शोभते. वेगवान मोटर घालायचा मोह आवरा. तो सावकाश, भारदस्त चालतो यातच त्याची ऐट आहे.

सेल पायांत ठेवा, जुन्या जपानी खेळण्यासारखे. प्रत्येक पायात दोन. वजन खाली राहतं, दोन्हीकडे सारखं राहतं आणि टाचेचं चाक जमिनीला दाबलं जातं. पाय हलते असल्यामुळे त्यांतून वर जाणारी वायर मात्र बारीक तारांची मऊच हवी, आणि तिला बोटभर सैल वळसा ठेवायचा. एका जाड तारेची वायर शे-दोनशे पावलांनी आतल्या आत तुटते, बाहेरून काही दिसत नाही. चारही सेल एकामागोमाग जोडायचे, चार्ज होणाऱ्या सेलचे ४.८ व्होल्ट होतात, मोटरला ते पुरतात. जुन्या लॅपटॉपचे किंवा मोबाइलचे लिथियम सेल काढून वापरू नका. खेळणं शेवटी लहान मुलाच्या हातात जाणार आहे.

आता उघडा सांगाडा टेबलावर चालवून बघा. मीटरभर सरळ गेला की आपण अर्ध्याहून जास्त काम केलं आहे.

७. अंग

पोटासाठी थर्माकोलचा किंवा लाकडाचा ठोकळा हव्या त्या आकाराचा करून घ्या, त्यावरून प्लास्टरचा दोन भागांचा साचा काढा, पुढचा आणि मागचा. साचा कसा काढतात हे शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत उभं राहून एकदा डोळ्यांनी बघा, लेख वाचून ते कळत नाही. फक्त वेळ बघून जा. जूनपासून गणपतीपर्यंत तिथे कुणालाही मान वर करायला सवड नसते. मी ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि योग्य तेच झालं, गणपतीनंतर या म्हणून सांगितलं.

साच्याला आतून व्हॅसलीन लावा. वर्तमानपत्राचे बोटभर तुकडे फेविकॉलच्या पाण्यात भिजवून सहा-सात थर द्या. रोज दोनच थर. पावसाळ्यात हे काम नको, आपल्याकडच्या दमट हवेत आतला थर आठवडाभर ओला राहतो, वास सुटतो आणि साच्यातून काढल्यावर पोट वाकतं. दिवाळीनंतर करा, दोन-अडीच मिमीचं कवच हलकं आणि टणक होतं.

दोन्ही अर्धी जोडताना मागचं अर्ध स्क्रूने निघेल असं ठेवा. कायमचं चिकटवलंत तर पहिली वायर तुटेल त्या दिवशी पोट फोडावं लागेल.

पायांचे गोळे याच पद्धतीने करा, सेल होल्डरभोवती बसतील असे पोकळ, मागून छोटं झाकण ठेवून.

८. डोक्याचा घुमट

घुमट बाजारात शोधत फिरू नका. लाकडी कातकाम करणाऱ्याकडून घुमटाच्या आकाराचा ठोकळा करून घ्या, खाली रुंद, वर गोलसर निमुळता. त्याला बारीक पॉलिश पेपर मारा. लाकडाची रेघ राहिली की ती प्लास्टिकवर छापली जाते.

पेट बाटलीचं बूड कापा, ठोकळा खालून आत घाला आणि टोक झाकणाकडे वर जाऊ द्या. मोकळ्या जागेत लाकडाच्या चिपा ठोकून तो घट्ट करा. आता हीट गन वीतभर लांब धरून बाटली हळूहळू फिरवा, खालच्या कडेपासून सुरुवात करा. आधी काहीच होत नाही. मग प्लास्टिक एकदम जागं झाल्यासारखं हलतं आणि ठोकळ्याला चिकटत वर चढतं, हाताखाली आवळत जाताना दिसतं. एका जागी थांबलात तर तिथे दुधासारखा पांढरा डाग पडतो आणि तो पुन्हा जात नाही. चार बाटल्या आणून ठेवा, पहिल्या दोन शिकण्यात जातात. खिडकी उघडी ठेवा, हातात मोजे घाला.

९. हात, दिवे

हात चालीला लागत नाहीत, म्हणून जास्त वेळ घालवू नका. वॉशबेसिनच्या पाइपसारखी चुणीदार बारीक नळी मिळाली तर दंडासाठी घ्या, पंजाला तीन बोटं. हात हलके ठेवा, पुढे जड झाले तर रॉबी तोंडावर येतो.

तोंडाच्या जाळीमागे निळे एलईडी लावा, प्रत्येकाला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर. सिनेमात तो बोलताना तोंडातल्या निळ्या नळ्या उजळतात, अंधाऱ्या खोलीत आपलाही तसाच दिसतो. मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, नाहीतर मोटरच्या ठिणग्यांचा त्रास दिव्यांच्या सर्किटला होतो.

१०. रंग

पुट्टी, २२० चा पेपर, पुन्हा पुट्टी, ४०० चा पेपर, प्रायमर, मग गडद राखाडी. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात स्प्रे कॅन मिळतो. दमट दिवशी मारलेला रंग पांढुरका पडतो, उन्हं चढल्यावर मारा. टाचेची चाकं आणि सरकते रॉड आधी मास्किंग टेपने झाका. रंगाचा एक थेंब बेअरिंगमध्ये गेला की चौथ्या पायरीपासून सगळं पुन्हा.

११. जोडणी आणि चाल लावणे

सगळं अंग चढवल्यावर चाल बदलते, घाबरू नका. तळव्यांच्या मधोमध आडवी पेन्सिल ठेवून रॉबी तिच्यावर तोला. पुढे झुकला तर पोटाच्या आत मागच्या बाजूला वजन चिकटवा, सायकलचे दोन-तीन नट पुरतात. मागे झुकला तर पुढे.

एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचं चाक आधी तपासा: ओ रिंगवर धूळ किंवा केस अडकलाय का, पिन सैल झालीय का. पावलागणिक टकटक येत असेल तर पायाचा गोळा पोटाला घासतोय, कडेला पॉलिश पेपर मारा. मोटर कण्हत असेल आणि पाय हलत नसतील तर रॉडांना तेल द्या, तरीही तेच तर सेल चार्ज करा.

जमीन महत्त्वाची आहे. गुळगुळीत फरशीवर ओ रिंग ओल्या फडक्याने पुसून चालवा. शहाबादी फरशीवर तो सगळ्यात छान चालतो, थोडा खरखरीतपणा चाकाला हवाच असतो. सतरंजीवर चालवू नका, दोरे बेअरिंगमध्ये जातात.

माझा दुसरा रॉबी मी आधी त्या मामांच्याच दुकानात नेला. त्यांनी लेथ बंद केला, बाकावरचा किस फडक्याने झाडला आणि रॉबी ठेवायला जागा केली. तो बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, पडायच्या आत मामांनी हात आडवा धरला. मग उलटा फिरवून त्यांनीच पुन्हा स्विच दाबला.

चालवून झाल्यावर सेल काढून ठेवा आणि रॉबीला उभाच ठेवा. आडवा ठेवला तर पायांचं वजन रॉडांवर एका बाजूने येतं आणि महिन्याभराने पट्ट्या आवळायला लागतात.